विटेपेक्षा सांधा नरम असावा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातून आज पुन्हा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय बांधकामाच्या सामानाचे भौतिक गुणधर्म. नाव शाळेच्या पुस्तकातलं वाटेल, पण आपल्या घराच्या भिंतीला तडा का गेला, ओल का चढली आणि गेल्याच वर्षी केलेला गिलावा हाताने का सुटतोय, याची उत्तरं याच धड्यात आहेत.

मी मूळचा बेळगावकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विटा, सळया आणि काँक्रीटचे ठोकळे मोडण्यात गेली. मोडणं हाच धंदा. त्यामुळे घर बांधणारा कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, सगळ्यात मजबूत काय?" वीट की ब्लॉक, ४३ ग्रेड की ५३, एकास तीन की एकास सहा? मी उलट विचारतो, कशापुढे मजबूत? वजनापुढे, उन्हापुढे, की पाण्यापुढे? प्रयोगशाळेतलं मशीन यातल्या पहिल्याचंच उत्तर देतं. साध्या दुमजली घराच्या भिंतीवर वजन असं फारसं नसतंच. आमच्या भागातली घरं खराब होतात ती बहुतेक वेळा उन्हाने आणि पाण्याने.

उन्हापासून सुरुवात करू. संध्याकाळी कुवेंपुनगरात उदयरवी रोडने किंवा अनिकेतन रोडने चालत निघालात तर वरच्या मजल्यांकडे मान वर करून बघा. (कवी कुवेंपूंच्या आठवणीतली ही नावं. उदयरवी हे त्यांच्या घराचं नाव, पण ते घर कुवेंपुनगरात नाही, तिकडे वोंटिकोप्पलला आहे. नवीन माणसं दर वेळी चुकतात.) जुन्या दुमजली घरांत स्लॅबच्या बरोबर खाली, भिंतीच्या वरच्या कडेला, एक आडवी रेष दिसेल. कुणी ती पुट्टीने भरलेली असते, कुणी त्यावर नवा रंग मारलेला असतो, आणि दोन उन्हाळ्यांत रेष पुन्हा हजर. घरमालक म्हणतो पाया खचला. पाया खचला असता तर तडा बहुतेक वेळा तिरका गेला असता, खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला असता. आडवी रेष सांगते की वरचा स्लॅब आणि खालची भिंत यांचं जमत नाही.

जमत नाही म्हणजे काय, ते आकड्यात बघू. प्रत्येक पदार्थ तापला की फुगतो, पण सगळे सारखे फुगत नाहीत. दहा मीटर लांबीचं काँक्रीट एक अंश तापलं की साधारण ०.१ मिलिमीटर वाढतं. भाजक्या विटेची भिंत तेवढ्याच लांबीत ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. एप्रिलमध्ये आमच्याकडे हवेचं तापमान ३५ अंश असेल तेव्हा उघड्या काळ्या पडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत जातो. अख्ख्या जाडीचा सरासरी फरक धरला तरी पहाट ते दुपार २० अंश सहज होतो. म्हणजे दहा मीटरचा स्लॅब दिवसभरात दोन मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. खालची भिंत सावलीत, तिच्यात फरक दहा अंशांचा, ती लांबते जेमतेम ०.६ मिलिमीटर. उरलेले १.४ मिलिमीटर जायचे कुठे? स्लॅब ते दोन्ही टोकांना अर्धे-अर्धे ढकलतो. रोज. वर्षातून तीनशे पासष्ट वेळा. भिंत आणि स्लॅब घट्ट चिकटवलेले असतील तर जिथे पकड सगळ्यात कमजोर तिथे रेष उमटते.

यावर पुट्टी हा उपाय होऊ शकत नाही, कारण तो सांधा हलतोय. नवीन घर बांधत असाल तर स्लॅब भरण्याआधी भिंतीचा माथा सिमेंटने गुळगुळीत करून घ्या आणि त्यावर डांबरी कागदाचे दोन थर टाका. मग स्लॅब भिंतीवरून सरकू शकतो. काम तासाभराचं. घर आधीच बांधून झालं असेल तर गच्ची पांढरी करा. चुना मारा, पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवा, किंवा बाजारात मिळणारा उष्णता परतवणारा पांढरा रंग लावा. महाराष्ट्रात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करतात, इकडे विटांची खडी आणि चुना यांचा थर टाकायची जुनी पद्धत होती. लोक त्याकडे फक्त गळती रोखायचा उपाय म्हणून बघतात, पण तो थर स्लॅबच्या डोक्यावर छत्रीही धरतो.

जाता जाता एक गंमत. पोलाद एक अंशाला दहा मीटरमागे ०.१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे जवळजवळ काँक्रीटइतकंच. या दोघांचं हे जमलं म्हणून आरसीसी नावाची गोष्ट शक्य झाली. सळई ॲल्युमिनियमची असती तर ती काँक्रीटच्या दुप्पट फुगली असती आणि स्लॅब आतूनच फुटला असता.

आता ताकद. विटेची ताकद म्हणजे तिच्या एका चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन भार टाकल्यावर ती चिरडते तो आकडा. भारतीय मानकात विटांचा सगळ्यात खालचा वर्ग ३.५ चा. दक्षिण कर्नाटकातल्या हाताने पाडलेल्या कितीतरी विटा या खालच्या वर्गांतल्याच असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, दोन मजल्यांना त्या पुरतात. आता सांध्यातला माल बघा. एकास सहा सिमेंट-वाळूचा माल ३ न्यूटनच्या आसपास भरतो. एकास चारचा ७.५. एकास तीनचा १०. घरमालक गवंड्याच्या मागे उभा राहून "सिमेंट जरा सढळ हाताने घाल रे" म्हणतो तेव्हा तो विटेच्या दुप्पट-तिप्पट कडक सांधा बांधून घेत असतो.

कडक सांध्याने काय बिघडतं? भिंत कधीतरी हलणारच. ऊन आहे, ओल आहे, खालची जमीन आहे, शेजारच्या रस्त्यावरून जाणारे टिप्पर आहेत. सांधा विटेपेक्षा नरम असेल तर हालचाल सांध्यात जिरते. केसाएवढ्या बारीक चिरा सांध्यासांध्यात वाटल्या जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि दिसल्या तर दर्जा भरून मोकळं होता येतं. सांधा विटेपेक्षा कडक असेल तर तो हलत नाही. मग वीटच फुटते, आणि तडा विटा फोडत सरळ रेषेत खाली उतरतो. फुटलेली वीट भरून निघत नाही. शिवाय जास्त सिमेंट म्हणजे वाळताना जास्त आकसणं, म्हणजे भिंत उभी राहायच्या आधीच थोडे तडे पदरात. पाठ्यपुस्तकांतलं विटकामाचं बरंचसं गणित कडक वीट आणि नरम माल धरून मांडलेलं असतं. आपल्याकडे हे नातं उलटं असू शकतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी इथल्याच विटा तपासून दाखवलं.

म्हणून साध्या भिंतीसाठी मी एकास सहा सांगतो, आणि चांगला चुना मिळत असेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. चुन्याने माल लोण्यासारखा पसरतो आणि पाणी धरून ठेवतो. गवंडी एकदा वापरला की दुसऱ्यांदा आपणहून मागतो.

हे झालं विटांचं. म्हैसूर-बेंगळुरूकडे हल्ली सिमेंटचे भरीव ब्लॉक फार चालतात. सहा इंची ब्लॉक २५-२६ किलोचा, उचलताना बिगाऱ्याचा जीव जातो. त्याचा स्वभाव विटेच्या उलट आहे. भट्टीतून निघालेली वीट हळूहळू ओल खाऊन किंचित वाढते, तर सिमेंटचा ब्लॉक वाळत जातो तसा आकसतो. म्हणून वीट लावण्याआधी भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून सांधा कोरडा पाडते. ब्लॉक मात्र भिजवून लावायचा नाही. भिजलेला ब्लॉक भिंतीत बसल्यावर वाळतो, आकसतो आणि उभा तडा देतो. गवंडी विटेच्या सवयीने ब्लॉकच्या ढिगावरही पाइप धरतात. त्यांना थांबवा. ब्लॉक फॅक्टरीतून आणताना तो पाडून किती दिवस झाले तेही विचारा, चार आठवड्यांच्या आतला घेऊ नका. हलके पांढरे एएसी ब्लॉक वजनाला चौथा हिस्सा आणि उष्णता अडवायला विटेच्या तीन-चार पट चांगले, पण पाणी पितात भरपूर. त्यावर कडक गिलावा केला की पोपडा सुटलाच.

आता पाणी. इथे थोडा थांबतो, कारण म्हैसुरात या विषयाने माणसं गमावली आहेत.

गावाच्या मध्यभागी लॅन्सडाउन बिल्डिंग आहे, १८९२ सालची. खाली दुकानांची रांग होती, त्यात जुन्या पुस्तकांची दुकानं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिचा एक भाग कोसळला आणि चार जण गेले. तिथून हाकेच्या अंतरावर देवराज मार्केट, शतकाहून जुनं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या उत्तरेकडच्या भागातला काही हिस्सा पडला, तोही डागडुजीचं काम चालू असताना. त्यानंतर या इमारती पाडून नव्याने बांधायच्या की आहेत त्याच सावरायच्या, यावर तज्ज्ञांमध्ये दोन तट पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कोसळण्याची नेमकी कारणं कोणती हा त्या समित्यांचा विषय, मी इथे बसून निकाल देणार नाही. पण दोन्ही घटना ऑगस्टमधल्या. पावसात जुनी भिंत कशातून जाते, एवढं तुम्हाला समजायला हवं.

वीट म्हणजे दगडी स्पंज. मानकाप्रमाणे चांगली वीट चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायला नको. म्हणजे २० टक्क्यांपर्यंत चालतं! आता हिशेब करा. नऊ इंच जाडीची, तीन मीटर उंच आणि चार मीटर लांब भिंत, वजन साधारण पाच टन. गळक्या छपराखाली तिने दहाच टक्के पाणी प्यायलं तरी अर्धा टन वाढला. म्हणजे सिमेंटच्या दहा गोण्या कुणीतरी गुपचूप भिंतीत नेऊन ठेवल्या. वजन वाढलं आणि त्याच वेळी ताकद घटली. भाजक्या विटेत ही घट थोडी असते, मातीच्या सांध्यात बरीच. सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची ओली ताकद कोरड्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी निघते. म्हणूनच असे ब्लॉक प्रयोगशाळेत भिजवून मोडायचे असतात. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९७४ पासून अस्त्र नावाच्या गटाने मातीच्या ब्लॉकवर जे काम केलं त्यातून इकडे कितीतरी सुंदर घरं उभी राहिली. कुणी तुम्हाला अशा ब्लॉकचा कोरड्या ताकदीचा आकडा दाखवून माल विकत असेल तर ओल्या ताकदीचा कागद मागा.

जुन्या इमारती बांधणाऱ्यांना वीट पाणी पिते हे माहीत होतं. ते पाणी अडवायच्या मागे फार लागले नाहीत. आलेलं पाणी परत बाहेर जाईल याची त्यांनी सोय केली, आणि ती सोय म्हणजे चुना. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवला, वाळूत कालवला, भिंतीला लावला, की वर्षानुवर्षं हवेतून तोच वायू परत घेत तो पुन्हा दगड होत राहतो. हा दगड कडक नसतो आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंत भिजते, ऑक्टोबरच्या उन्हात चुन्याच्या छिद्रांतून वाफ निघून जाते. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या चिरेत जाऊन बसतो आणि ती आपोआप सांधली जाते. सिमेंटला ही खोड फार थोडी आहे. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत गूळ, हिरडा, विटांची सुरखी घालत. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. कन्नडमध्ये गिलाव्याला आणि मालाला गारे म्हणतात, गवंडीकाम म्हणजे गारे केलस. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द परका वाटत नाही.

अशा भिंतीला कुणी मजबुतीसाठी बाहेरून सिमेंटचा गिलावा करतं तेव्हा काय होतं, ते एका खऱ्या प्रश्नावरून सांगतो.

इंदूरहून एका ताईंनी विचारलं होतं. सासूबाई देवगडजवळ गावच्या घरात एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. घर चिऱ्याचं, सांधे मातीचे, आतून चुन्याचा गिलावा. दोन-तीन वर्षांपासून खाली कमरेएवढी ओल, लोणा धरलेला, पावसाळाभर खोकला. कंत्राटदाराने सांगितलं की जुना चुना खरवडू, आतबाहेर एकास चारचा सिमेंट गिलावा करू, वर वॉटरप्रूफ रंग लावू, काम पावसाआधी संपेल. पैसे सासूबाईंच्या पेन्शनच्या साठवणीतले. "हो म्हणू का?"

चिरा म्हणजे जांभा. या दगडाला जगभर चालणारं लॅटराइट हे नाव मिळालं ते आपल्याच बाजूला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर कंपनीने फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरला मद्रासहून म्हैसूर, कानडा, मलबार असा मुलूख पाहायला पाठवलं. मलबारात अंगाडिपुरमजवळ त्याने लोकांना लोखंडी हत्याराने जमिनीतून मऊ दगड कापताना पाहिलं. उघड्यावर ठेवला की तो दगड विटेसारखा घट्ट होई. लॅटिनमध्ये विटेला लॅटर म्हणतात, म्हणून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने लॅटराइट लिहिलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरजच नाही. चिरा खाणीतून काढल्यावर वाऱ्यावर ठेवायचा हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. तर हा चिरा भोकाभोकांचा. मोठ्या भोकांचं एवढं नाही, बारीक छिद्रं जमिनीतलं पाणी वर ओढतात. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी उंच. केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढ्या रुंदीच्या नळीत पाणी आपोआप दीड मीटर चढतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही अशी आपली म्हण आहे, केशाकर्षणाने ती ऐकलेली दिसत नाही.

प्रत्यक्षात भिंतीत पाणी तेवढं चढत नाही, कारण चढता चढता ते बाजूने वाळून जातं. चढणं आणि वाळणं यांचा जिथे तोल साधतो तिथे ओलीची रेषा थांबते. आता त्या भिंतीला दोन्हीकडून सिमेंट आणि वर रंगाचं प्लास्टिक लावलं, की वाळणं बंद आणि चढणं चालूच. ओल कमरेवरून खांद्यापर्यंत जाते. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक वाढतात आणि ते वाढताना गिलाव्याला ढकलतात. दोन वर्षांत गिलावा डफासारखा वाजायला लागतो, मग मोठाले पोपडे पडतात, आणि पडताना चिऱ्याचा पृष्ठभागही सोबत घेऊन जातात. आतले मातीचे सांधे मात्र बाराही महिने ओले. बाहेरून घर नवंकोरं दिसतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मी त्यांना विचारलं, ओल दोन-तीन वर्षांपासूनच का? घर तर साठ वर्षांचं. तेव्हा कळलं की त्याच सुमाराला अंगणात भिंतीला लागून काँक्रीटचा कोबा केला होता, चिखल नको म्हणून. अंगणातून वाळून जाणाऱ्या ओलीचा रस्ता बंद झाला, तिने भिंतीचा धरला. शिवाय कोब्यामुळे अंगण चार बोटं वर आलं आणि जोतं तेवढं खाली गेलं. पन्हळही एका बाजूला फुटलेली होती.

माझं उत्तर असं होतं. भिंतीलगतचा दीड फूट रुंद कोबा फोडा, तिथे खडी भरा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. पन्हळ आणि कौलं नीट करा. सुटलेला गिलावा काढा आणि भिंत उघडी ठेवा. जाड भिंत वाळायला ढोबळ मानाने इंचाला एक महिना लागतो. फूटभर भिंतीला वर्ष. त्यानंतर चुन्याचाच गिलावा, पातळ थरांत, आणि वर चुन्याची सफेदी. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, मजुरी सिमेंटपेक्षा जास्तही पडेल, हे लपवून उपयोग नाही. त्या मे महिन्यात त्यांनी कोबा, पन्हळ आणि कौलं एवढंच केलं. गिलावा पुढच्या वर्षावर टाकला. तोवर सासूबाईंची खाट त्या भिंतीपासून हलवून दुसऱ्या खोलीत नेली, ते मला कुठल्याही गिलाव्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

याचा अर्थ मी सिमेंटच्या विरोधात आहे असा काढू नका. हल्ली चुन्याचं वेडही काही ठिकाणी फार वाढलंय, लोक पाण्याची टाकीसुद्धा चुन्यात बांधायला निघतात. जिथे आत सळई आहे तिथे उलटा नियम. काँक्रीट जितकं घट्ट, जितकं कमी छिद्रांचं, तितकं चांगलं, कारण हवा आणि पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीटचं आवरण फोडून बाहेर येतो. इथे शत्रू आहे माल पातळ करण्याची सवय. पन्नास किलोच्या गोणीतल्या सिमेंटला रासायनिक क्रियेपुरतं साडेबारा लिटरच्या आसपास पाणी लागतं, माल हलता राहावा म्हणून २२ ते २५ लिटर घालतात. स्लॅबच्या दिवशी संध्याकाळ व्हायला लागली की कुणीतरी मिक्सरमध्ये पाइप धरतो आणि ते चाळीसपर्यंत जातं. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जिथे होतं तिथे छिद्र सोडून जातं. त्या दिवशी घरच्यांपैकी एकाने जेवणाच्या पंगतीत न रमता मिक्सरपाशी उभं राहावं.

शेवटी वाळूबद्दल, कारण इथे पैसे आणि ताकद दोन्ही चुकतात. व्हिडिओत मी हे बरणीत करून दाखवलं होतं, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. किंचित ओली वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. बारीक वाळू पाच-सहा टक्के ओलीत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत फुगू शकते. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण बुडालेली वाळू मात्र फुगलेली नसते. आता गवंडी फर्म्याने मोजून एकास सहा माल करतोय आणि वाळू तीस टक्के फुगलेली आहे. सहा फर्म्यांत खरी वाळू भरली ४.६ फर्मे. तुम्ही सांगितलेला एकास सहाचा नरम सांधा कुणी काही न बदलता एकास साडेचारचा कडक झाला, आणि सिमेंटही जास्त गेलं. महाराष्ट्रात वाळू ब्रासवर घेतात, तिथे विकत घेतानाही तोटा. पंचवीस टक्के फुगलेल्या एका ब्रासमध्ये शंभरऐवजी ऐंशी घनफूटच वाळू येते. इकडे एम-सँड बहुधा टनावर मिळते, तिथे फुगण्याने फरक पडत नाही, पण पाण्याचं वजन तुम्ही वाळूच्या भावाने विकत घेता.

तपासायला काचेची सरळ उभी बरणी पुरते. ढिगाच्या आतली ओली वाळू घ्या, न दाबता २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा. वाळू दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा, बरणीत निम्मं पाणी घ्या, वाळू परत हळूहळू सोडा, काठीने ढवळा आणि बसू द्या. ती १६० वर बसली तर चाळीस भागिले एकशे साठ, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. मग त्या दिवशी सहाऐवजी साडेसात फर्मे वाळू घालायची. पाऊस पडून गेल्यावर आणि नवा ट्रक आल्यावर पुन्हा एकदा बरणी भरा. गवंडी पहिल्या दिवशी हसेल, तिसऱ्या दिवशी बरणी स्वतःच धुऊन ठेवेल.